समोरच्या बंगल्यातला तिसरा कप

आमच्या घरचा पत्ता सांगायला कधी त्रास पडला नाही. गंगापूर रोडवरून आत वळायचं आणि दिसेल त्याला विचारायचं, "मर्डरवाला बंगला कुठे?" त्याच्या समोरचं घर आमचं. बाबांनी हौसेनं घराला नाव ठेवलं होतं, संगमरवरी पाटीवर कोरून घेतलं होतं, पण ते नाव पाटीच्या बाहेर कधी पडलंच नाही. माझ्या एका आत्यानं तर राखीच्या पाकिटावर 'खुनाच्या बंगल्यासमोर, नाशिक' एवढंच लिहिलं, आणि पोस्टमननं ते वेळेत आणून दिलं. बाबांनी राखी बांधली, पण आत्याशी वर्षभर बोलले नाहीत.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि आई घर धूत होती. 'घर सांभाळत होती' असं म्हणायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. आई धूत होती. साबण वापरून झाला की ती साबण धुवायची. पंचवटीच्या बाजारातून आणलेली भाजी, ती आणलेली पिशवी आणि ती उचलून आणणारे बाबा, तिघांनाही आत यायच्या आधी पाणी लागायचं. द्राक्षांचं तर विचारूच नका. बागेवर औषधं मारतात हे तिला कुणीतरी सांगितल्यापासून घड आधी मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग पुन्हा साध्या पाण्यात, मग पंचावर वाळत. आमच्या तोंडात मणी पडेपर्यंत बाजारात आंबे यायचे.

समोरच्या बंगल्यात काका-काकू राहायचे. दोघंही निवृत्त, मूलबाळ नाही. निफाडकडे असलेल्या धाकट्या भावाचा मुलगा त्यांनी लहानपणीच शिकायला आणून ठेवला होता. तो आमच्या डोळ्यांसमोर वाढला. माझ्या आईला तो मावशी म्हणायचा, आणि गणित अडलं की वही घेऊन बाबांकडे यायचा. पुढे त्याचे वडील गेले, तेव्हा द्राक्षबाग बघायला तो गावी परतला. तरी अधूनमधून स्कूटरवरून यायचा, काकूंना भाजी द्यायला आणि काकांचे टोमणे खायला. त्या वर्षी काकांनी बंगला कुठल्याशा संस्थेला द्यायचं मनात घेतलं होतं. त्यावरून काका-पुतण्यांचा आवाज चढला, तो कॉलनीतल्या सगळ्यांनी आपापल्या गॅलरीत उभं राहून, अजिबात लक्ष न देता, शब्दन्‌शब्द ऐकला होता.

मग थंडीतल्या एका सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली आणि दार कुणी उघडेना. ते नुसतं ओढून घेतलेलं होतं. आत काका-काकू सोफ्यावर बसल्या जागी गेलेले होते, टीव्ही चालू होता. कुणी म्हणालं गॅस गळला असेल. कुणी म्हणालं दोघांना एकदम झटका आला असेल, प्रेम होतं फार. पोलीस आले, पोलिसांचे साहेब आले, फोटो काढणारे आले, आणि ज्यांना यायचं काहीच कारण नव्हतं असे आम्ही सगळे आलो.

आता जिथं मयत झालं त्या घरात चूल पेटवायची नाही, आल्या-गेल्याचं शेजाऱ्यांनी बघायचं, ही आपली रीत. आईनं घरून आलं घालून पातेलंभर चहा नेला. पण माणसं इतकी की आमचे कप पुरेनात. म्हणून ती काकूंच्या स्वयंपाकघरात गेली. बेसिनमध्ये आदल्या दिवशीचे कप खरकटे पडले होते. दाराशी एक हवालदार पहाऱ्याला उभा होता, त्यानं अडवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तो म्हणाला, "ताई, जरा लवकर घ्या उरकून. साहेब सकाळधरनं बिगरचहाचे हायेत." आईला एवढंच हवं होतं. तिनं बाही वर केली.

साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांच्या कानात सांगितलं की हा गॅस नव्हे, दोघांच्या पोटात काहीतरी गेलंय. साहेबांनी चहाचा घोट घेतला, बरा वाटला असावा, कारण दुसराही घेतला, आणि मग आईकडे वळून विचारलं, "काल संध्याकाळी इथं कुणी आलं होतं का? काही कल्पना?"

"आलं असणार की," आई म्हणाली. "बेसिनमध्ये तीन कप होते. घरात माणसं दोनच."

साहेब ताठ झाले. "कुठे आहेत ते कप?"

"एक तुमच्या हातात आहे," आई म्हणाली. "एक त्या फोटोवाल्यांकडे. आणि तिसरा ह्या हवालदारांनी आत्ताच परत भरून घेतला."

माणसाच्या चेहऱ्याचा रंग उडतो म्हणतात, तो मी त्या दिवशी पाहिला. साहेबांनी कप खाली ठेवला, पोटाला हात लावला आणि म्हणाले, "मळमळतंय." मग फोटोवाल्यालाही मळमळलं. हवालदार दोन कप प्यायला होता, तो खालीच बसला. तिघांना जीपमध्ये घालून सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. कुणालाही काहीही झालेलं नव्हतं. इकडे आईचा संताप अनावर झाला होता. "मळमळायला काय झालं? पावडर लावून घासलेत, गरम पाण्यानं दोनदा विसळलेत! माझ्या हातचा कप आहे!" दोन माणसं मेली होती, पुरावा नाल्यातून वाहून गेला होता, आणि आमच्या मातोश्रींना अपमान वाटला होता तो धुण्याचा.

आपण काय करून बसलो हे तिला संध्याकाळी कळलं. साहेब, पोट रिकामं करून घेतलेले, आमच्या घरी जबाब घ्यायला आले आणि आईनं बिचारीनं भरपाई म्हणून आठवेल ते सगळं सांगितलं. कप पांढरे, निळ्या फुलांचे. दोन तळापर्यंत प्यालेले. तिसऱ्याच्या कडेला साय चिकटवलेली होती, बोटानं काढून लावतात तशी. ज्याला साय आवडत नाही असा कुणीतरी तो चहा प्यायला होता. साहेबांनी मान वर केली. धुतलेल्या कपांतून त्यांना हाती लागलेली तेवढी एकच गोष्ट होती.

प्रयोगशाळेकडून कळलं की कपांवर कसलाही अंश नाही, ठसा नाही, डाग नाही. बाबा म्हणाले, "सरकारनं तुला दिलेलं सर्टिफिकेट आहे हे. फ्रेम कर." एरवी आई त्यांना सोडती ना, पण त्या दिवशी ती उठून भांडी घासायला गेली.

शवविच्छेदनात बागेवर मारायच्या औषधासारखं काहीतरी निघालं होतं. बाग कुणाची, तर पुतण्याची. भांडण कुणाचं झालं होतं, तर पुतण्याचं. त्या संध्याकाळी एक स्कूटर गल्लीत आलेली कुणीतरी पाहिली होती, आणि पुतण्याकडे स्कूटर होती. (आमच्याकडेही होती. प्रत्येकाकडे होती.) राहता राहिली साय. पोलीस निफाडला गेले, त्याच्या जुन्या मित्राला विचारलं, तो म्हणाला, "साय? नाव काढलं तरी त्याला ओकारी येती, लहानपणापास्नं." त्याच दिवशी पुतण्याला धरलं. तो सांगत राहिला की मी त्या संध्याकाळी बागेत होतो, पण बागेत त्याला बघणारं वेलींशिवाय कुणी नव्हतं.

त्यामुळे दहाव्याला पिंड ठेवायला दूरचे कुणी नातेवाईक आले. पंचवटीत नदीकाठी सगळी कॉलनी जमली. कावळे चिक्कार होते, पण एकही शिवेना. मग ज्याला त्याला मृतांची इच्छा कळायला लागली. एकजण ओरडला, "खुनी फासावर जाईल, काळजी करू नका!" कावळे ढिम्म. दुसरा म्हणाला, "पुतण्याला सोडवू!" कावळे तसेच. बाबांना वाटलं बंगल्याचा प्रश्न असेल, ते म्हणाले, "संस्थेलाच जाईल बंगला, निश्चिंत राहा." एका कावळ्यानं फक्त मान वाकडी केली. मी आईच्या शेजारी उभी होते. ती हात जोडून पुटपुटली, "कप मी धुतले हो. माझं चुकलं." आणि एक कावळा सरळ खाली उतरला.

घरी येताना रिक्षात बाबा तिला समजावत होते की नातेवाईक मागं सरकले म्हणून कावळा आला, कावळ्याला कपबशीतलं काय कळतंय. आईनं ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा काही उतरायचा थांबला नाही. मला तेव्हा तिची फार दया आली, आणि कावळ्याचा रागही आला.

पुढच्या काही वर्षांत आमच्या कॉलनीची फाळणी झाली. एक 'तोच' पक्ष, एक 'तो नव्हेच' पक्ष. सकाळी फिरायला जाणारे दोन वेगवेगळ्या दिशांना जायला लागले. गणपतीच्या आरतीला एक पक्ष उजवीकडे उभा राहायचा, दुसरा डावीकडे, आणि टाळ्यांचा ठेकासुद्धा जुळायचा नाही. बाबा 'तोच' पक्षाचे पुढारी. त्यांचा मुख्य मुद्दा पुतण्याचे कान. "असे कान असलेला माणूस सरळ नसतो," ते सांगायचे. गणित शिकवायचे तेव्हा त्याच कानांना धरून त्यांनी त्याला त्रैराशिक शिकवलं होतं, त्या वेळी त्यांना त्यात काही दिसलं नव्हतं. "तो सुटून आला ना, तर माझा उंबरा ओलांडू देणार नाही," हेही ते दर आरतीनंतर सांगायचे.

आई कुठल्याच पक्षात नव्हती. पेपरात जामीन नाकारल्याची बातमी यायची, आणि दर बातमीत साय असायची. ती वाचून ती पेपर घडी घालून ठेवायची आणि म्हणायची, "आपण धुतलं ते त्याच्या फायद्याचं, आणि बोललो ते त्याच्या तोट्याचं. मग मी त्याचं नक्की केलं तरी काय?" तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपण खुन्याला वाचवलं की निरपराध माणसाला अडकवलं. दोन्हीतलं काहीही कळलं असतं तरी ती पोटभर रडून मोकळी झाली असती. कळत नव्हतं, म्हणून ती जास्तच धुवायला लागली.

सायीचा एक भलताच परिणाम मात्र झाला. पेपरात छापून आल्यावर आमच्याकडे चहाला येणारा प्रत्येक जण साय खायला लागला. ज्यांना जन्मात साय चालली नव्हती ते डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन गिळायचे, आणि मग रिकामा कप आईला दिसेल असा वाकडा धरायचे. 'तोच' पक्षाचे एक निवृत्त अधिकारी तर म्हणायचे, "वहिनी, थोडी जास्त घाला, मला फार आवडते," आणि बाहेर जाऊन आमच्या जास्वंदीजवळ थुंकायचे. बाबांना साय अजिबात खपत नव्हती. पण खुद्द साक्षीदाराच्या नवऱ्यानं साय काढून ठेवली तर लोक काय म्हणतील, म्हणून तेही गिळायचे आणि दिवसभर आमच्यावर चिडचिड करायचे.

ह्याच दिवसांत माझा दाखवण्याचा कार्यक्रम झाला. मुलाकडचे रिक्षातून 'मर्डरवाला बंगला' विचारतच आले. मी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तर मुलाचे वडील आईला विचारत होते, "मग साय कपाच्या आतल्या बाजूला होती की बाहेरच्या?" मुलाची आई खिडकीतून समोरचा बंगला बघत होती. मला कुणी काही विचारलंच नाही. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, सगळं मी पाठ करून बसले होते, ते वाया गेलं. मग चहा आला. मुलाच्या वडिलांनी साय खाल्ली, त्याच्या आईनं खाल्ली, बरोबर आलेल्या मामानं खाल्ली. मुलानं मात्र निवांतपणे बोटानं साय काढली, कपाच्या कडेला लावली आणि चहा प्यायला. सगळी बैठक त्याच्या बोटाकडे बघत राहिली. मी तिथल्या तिथं मनात होकार दिला. एवढ्या वर्षांत आमच्या दिवाणखान्यात खरं वागलेला तो पहिला माणूस होता.

लग्नाआधीच खटला उभा राहिला. आईच्या साक्षीला मी बरोबर गेले. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि पहिलं काम काय केलं, तर पदरानं पिंजऱ्याची कड पुसली. आरोपीच्या जागी पुतण्या बसला होता, वाळून गेलेला. त्यानं आईकडे बघितलं आणि सवयीनं नमस्कार केला. आईचा हातही अर्धा वर गेला, मग तिला कुठं उभी आहे ते आठवलं.

त्याचे वकील गोड बोलणारे होते. "बाई, दुसऱ्याच्या घरातले कप तुम्ही का धुतलेत?"

"मग खरकट्यात चहा देऊ? घरी आलेल्या माणसांना?"

"बरोबर आहे. चांगले धुतलेत?"

"चांगले म्हणजे? लख्ख."

"थोडंफार काही राहिलं असेल त्याला चिकटून?"

"माझ्या हातून?" आई भडकलीच. "शक्यच नाही."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. मी मागच्या बाकावरून तिला डोळ्यांनी खुणावत होते, अगं थोडं राहिलं म्हण, पण भांड्यांच्या बाबतीत ती देवासमोरसुद्धा खोटं बोलली नसती.

"मग सायीचं," वकील म्हणाले. "साय तर मीही खात नाही. मीसुद्धा कडेला लावतो. मग मीही आरोपी का?" कोर्टात हशा पिकला. पट्टेवाला हसला, मागे बसलेले दुसऱ्या खटल्यातले आरोपी हसले. न्यायाधीशांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "मलाही नाही आवडत. पुढे चला." ज्या सायीपायी तो पोरगा नाशिकरोडच्या तुरुंगात वर्षं काढत होता, तिचा असा निकाल लागला.

तो सुटला. पुरेसा पुरावा नाही म्हणून, संशयाचा फायदा देऊन. संध्याकाळी 'तो नव्हेच' पक्षानं पेढे वाटले आणि 'तोच' पक्षानं दारं लावून घेतली. बाबा घरात येरझाऱ्या घालत म्हणत होते, "खुनी मोकाट सुटला! कायदा गाढव आहे!" आई भांडी घासत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "फायदा त्याला मिळाला. संशय मात्र माझ्याकडे राहिला." वर अपील होणार अशी बातमी आली, मग तीही येईनाशी झाली. दुसऱ्या कुणाला कधी धरलं नाही. समोरच्या बंगल्याला कुलूप लागलं, आणि आवारात बोगनवेल वेडीवाकडी वाढत गेली.

आई मयताच्या घरी चहा नेणं कधी टाळायची नाही, पण आता ती आपल्या घरचे कप टोपलीत भरून न्यायची आणि तिथल्या स्वयंपाकघरात पाऊलही टाकायची नाही. हात मागे बांधून दाराशी उभी राहायची. कधी मी माहेरी आले की भाजी निवडता निवडता मध्येच विचारायची, "तुला काय वाटतं गं? तोच असेल?" मी म्हणायचे, "आई, सोड आता." ती म्हणायची, "सोडलंच की," आणि निवडलेली भाजी पुन्हा एकदा धुवायची.

पुतण्या आमच्याकडे आला तो दोन हजारनंतरही बरीच वर्षं उलटल्यावर. द्राक्षांचे दिवस होते. संस्थेचं काकांनी कागदावर काही केलंच नव्हतं, त्यामुळे बंगला त्याच्याकडे आला होता आणि त्यानं तो बिल्डरला दिला होता, पाडायच्या आधी सामान हलवायला तो आला होता. मी माहेरी होते. दुपारी फाटक वाजलं, बघते तर हा दारात, केस पिकलेले, हातात द्राक्षांची पेटी. बाबा बनियनवर पेपर वाचत बसलेले. एवढ्या वर्षांची प्रतिज्ञा पुरी करायची संधी उंबऱ्यात उभी होती. बाबांनी मान वर केली आणि तोंडातून निघालं, "अरे, ये ये, बस." खुर्चीसुद्धा स्वतः पुढं केली. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन ते सदरा घालायला आत पळाले. तेवढ्यात कॉलनीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्याचा आवाज आला.

तो बसला. पेटी टीपॉयवर ठेवली. "बागेतली आहेत, मावशी," तो म्हणाला. आई हो म्हणाली. बाबा बाहेर येऊन पेटीपासून जरा लांबच्या खुर्चीत बसले. विषाच्या आरोपातून सुटलेल्या माणसानं आणलेली, औषध मारलेली द्राक्षं. त्यांच्याकडे बघावं की बघू नये, हे आम्हाला कुणाला सुचेना.

आई चहा करायला उठली. मी मागोमाग गेले. तिनं दूध जास्त घातलं, चहा कपात ओतला आणि थांबली. वर साय धरेपर्यंत थांबली. मी हळूच म्हटलं, "आई, आता काय उपयोग? त्यानं तुझी साक्ष बसून ऐकलीय. साय खाल्ली तरी काही कळणार नाही, नाही खाल्ली तरी नाही."

"मला माहितीये," ती म्हणाली. "तरी बघू दे."

तिनं कप त्याच्यासमोर ठेवला. वर जाड साय. त्यानं सायीकडे बघितलं, मग आमच्या तिघांकडे, आणि तो थोडासा हसला. मग त्यानं बोट घालून साय काढली आणि कडेला लावली, अगदी आई सांगायची तश्शीच.

"नाही आवडत, मावशी," तो म्हणाला. "पहिल्यापासून. काकूला ठाऊक होतं. ती माझा चहा हातात द्यायच्या आधी परत एकदा गाळायची, मला सायीचं तोंडही दिसू द्यायची नाही. तिच्या घरात माझ्या कपाला कधी साय लागलीच नाही."

आईला ते सगळ्यांत आधी कळलं. तिनं खुर्चीची पाठ धरली. काकूंनी जर त्याला नेहमी गाळूनच चहा दिला, तर साय लागलेला तो तिसरा कप त्याचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी होता. नाहीतर मग हे सगळं त्यानं तुरुंगात बसून जुळवलं होतं. वेळ तर भरपूर होता त्याच्याकडे.

"मग कोर्टात का नाही बोललास?" बाबा खेकसले.

"वकिलांना सांगितलं होतं. ते म्हणाले, ह्याला साक्षीदार कोण?" त्यानं कप खाली ठेवला. "मी म्हटलं, काका आणि काकू."

आई खाली बसली. "बेसिनमध्ये दुसरं गाळणं होतं का रे?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कप आठवतात, कपावरची फुलं आठवतात. गाळण्याचं मला कुणी विचारलंच नाही. तेही मी धुऊन टाकलं असेल." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी हात लावायला नको होता."

"तुम्ही धुतलंत म्हणून सुटलो, मावशी, आणि तुम्ही सांगितलंत म्हणून आत होतो," तो म्हणाला. "फिट्टंफाट झाली." हे त्यानं हसत म्हणायचा प्रयत्न केला, पण ते नीट जमलं नाही.

आईनं डोळे पुसले, पेटी पुढं ओढली, वरचा कागद बाजूला केला, घडातून एक मणी तोडला आणि तसाच तोंडात टाकला.

"अगं, धू तरी!" बाबा अर्धे उठलेच.

"एकदा धुतलं तेवढं पुरे झालं," आई म्हणाली, आणि दुसरा मणी तोडला.

कोर्टात, निकालाच्या दिवशीसुद्धा, ज्याच्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता असं पेपरवाल्यांनी लिहिलं होतं, तो पुतण्या आमच्या दिवाणखान्यात तोंड ओंजळीत धरून लहान मुलासारखा रडायला लागला. मीही रडले. बाबांना रडणारी माणसं कधी बघवली नाहीत. ते जागच्या जागी चुळबुळ करत राहिले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा समोरच्या उघड्या खिडक्यांकडे. मग हात लांब करून त्यांनी एक मणी उचलला, सदऱ्याला चांगला घासून पुसला आणि तोंडात टाकला.

"गोड आहेत," ते दुसरीकडे बघत त्याला म्हणाले.